जड उचलायचं नाही

पहाटे निघताना गिरणीच्या दारावर
खडूनं लिहिलं: आज बंद.
परशरामनी 'आज'पुढं बारीक अक्षरात
'दुपारपर्यंत' घातलं.
मी बघितलं. बोलले नाही.

बेळगावात साडेसातला हिरवा गाऊन, नाड्या पाठीला,
कुड्या नवऱ्याच्या रुमालात.
संमतीचा कागद कन्नडात, वर दवाखान्याचं नाव इंग्रजीत,
खाली सही माझी, उधारीच्या वहीतलीच,
इंदुमतीच्या इ ची शेपटी जरा लांब.
भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, आकडे मोजा.
मी पायल्या मोजायला घेतल्या.
चौथ्या पायलीला गेले.

जाग आली ती उजव्या खांद्याच्या ठणक्यानं.
कापलं पोटात, दुखतंय खांद्यात,
म्हटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचं केलं की काय.
"नोव ऐतेनरी, अक्का?"
निलव्वा सिस्टर वाकून विचारत होती.
"स्वल्प," म्हटलं.
मग तिनं सांगितलं, अर्धं तिच्या भाषेत, अर्धं माझ्या,
पोट फुगवायला हवा भरली होती,
तीच आता वाट शोधत वर चढते.
दोन दिवसांत जाते.

डॉक्टर पट्टणशेट्टींनी बाटली दिली. तेवीस.
बाकी हुलग्याएवढे, दोन हरभऱ्याएवढे,
रंग जुन्या गुळाचा, कडा सपाट.
एकमेकांवर घासून होतात असे, म्हणाले, वर्षानुवर्षं.
हे मला सांगायला नको होतं.
गिरणीच्या दोन्ही दगडांना मीच टाकी लावते,
दगड दगडावर किती फिरला की असा होतो
ते बोटांना ठाऊक आहे.

"आता पित्त खवळायचं नाही हिचं," परशराम म्हणाले.
हसले नाही. हसलं की चारी भोकं ओढतात.

आईचं झालं तेव्हा वीतभर टाका होता, एकोणीस दिवस सिव्हिलात.
मावश्या, चुलत्या, अर्धी गल्ली डबे घेऊन.
पुढं कधी विषय निघाला की तोंड उजळायचं तिचं,
"एकोणीस दिवस," म्हणायची, माहेरपणाचं सांगावं तसं,
"कुणी ताट उचलू दिलं नाही."
मला नऊ तास. एक चहा, दोन बिस्किटं,
आणि कागदावर शेवटची ओळ:
सहा आठवडे जड उचलायचं नाही.

ओमनी अलतग्याच्या पुलावर हळू घ्या म्हटलं.
दोन्ही हातांनी पोटावर उशी धरलेली,
बाजूला रताळ्यांचे हिरवे वाफे,
सकाळी गेले तेव्हाही होते, तितकेच.

कडोलीत ओट्यावर गंगव्वाकाकू:
"सकाळी गेलीस, दिवस मावळायला आलीस,
मग केलं काय?"
बाटली दाखवली. तिनं हलवून बघितली,
"एवढंच होय," म्हणाली,
आणि पाठीमागचा डबा पुढं केला. नाचणा. पाच किलो.
मी हात मागं घेतला.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आता खाटेवर. भिंतीपलीकडं पट्टा चढलाय.
जोंधळ्यावरच नाचणा ओतला यांनी, दगड न उचलता.
ऐकू येतंय मला, पीठ जळतंय,
वास यायच्या आधी आवाज येतो,
कोरड्या घशासारखा.
हाक मारायला गेले,
बेंबीपाशी कुणी चिमटा घेतला.

मग उशाची बाटली घेतली
आणि तिच्या बुडानं भिंत ठोकली.
तेवीस खडे खुळखुळले.
एकदा. दोनदा.

पलीकडं जरा थांबलं.
चाक फिरवल्याचा कुरकुर आवाज,
आणि मग दगड मोकळा झाला,
हुंकार द्यावा तसा,
बारीक, सारखा.

बाटली छातीवर ठेवली.
अजून अर्धा डबा असेल.
कान उघडे ठेवून पडले.